ब्रायटनच्या रुग्णालयातील पत्रे आणि ‘एकही तक्रार नाही’ हा दावा

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांविषयी एक मजकूर सध्या पुष्कळ फिरतो आहे. त्याचा आशय असा की, इंग्लंडच्या राजाने स्वतःचा राजवाडा रिकामा करून या शिपायांसाठी रुग्णालय उघडले; तेथून मराठा वीरांनी स्वहस्ते घरी लिहिलेल्या पत्रांत तक्रारीचा एक शब्दही नाही; सबब ते तेथे सुखात होते आणि केवळ राजनिष्ठेपोटी लढत होते. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र त्यातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे.

आधी राजवाड्याचे पाहू. इंग्लंडमधील ब्रायटन शहरातला रॉयल पॅव्हिलियन हा जुना राजवाडा डिसेंबर १९१४ पासून हिंदी जखमींचे रुग्णालय होता, हे खरे आहे. परंतु व्हिक्टोरिया राणीने ही वास्तू १८५० मध्येच ब्रायटन शहराला विकली होती, त्यामुळे ती रिकामी करून देणे तेव्हाचा राजा पंचम जॉर्ज याच्या हातीच नव्हते. राजाने आपले घर दिले, ही समजूत हिंदुस्थानात पसरणे सरकारच्या सोयीचे होते आणि पॅव्हिलियनची माहिती देणारी पुस्तिका गुरुमुखी व उर्दूतही छापली गेली. त्यामुळे शिपाई ‘आम्ही बादशहाच्या महालात आहोत’ असे घरी कळवत, तेव्हा ते खोटे बोलत नव्हते. त्यांना जे सांगितले गेले तेच ते लिहीत होते. शिवाय सर्वच जखमींच्या वाट्याला तो महाल आला नाही. कित्येकांना यॉर्क प्लेसच्या शाळेत ठेवले गेले, तर कित्येकांना वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या जुन्या इमारतीत. तिचे नाव किचनर रुग्णालय असे ठेवण्यात आले.

‘मराठा वीर’ हा उल्लेख आपल्याला सुखावतो, पण फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी फौजेत भरणा होता तो पंजाबी मुसलमान, शीख, गुरखे, गढवाली, डोगरे आणि पठाण यांचा. मराठा पलटणींपैकी १०३वी, ११०वी आणि ११७वी या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या आणि कूतच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सैन्यात त्यांचा समावेश होता. त्या आघाडीवर जखमींचे जे हाल झाले त्याची चौकशी पुढे ब्रिटिश सरकारला आयोग नेमून करावी लागली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईतील जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून आणि नंतर खचाखच भरलेल्या बोटींतून बसऱ्यापर्यंत नेण्यात आले. मराठा शिपायाची शुश्रूषा कशी झाली हे जाणून घ्यायचे असेल, तर ब्रायटनच्या घुमटांपेक्षा तैग्रिस नदीकडे पाहावे लागेल.

‘स्वहस्ते लिहिलेली पत्रे’ हेही तपासून घ्यावे लागते. बहुसंख्य शिपाई निरक्षर होते. ते सांगत आणि लिहिता येणारा दुसरा कोणी लिहून घेई. गावी पोहोचल्यावर ते पत्र पुन्हा कोणाकडून तरी चारचौघांत वाचून घेतले जाई. मुळातील बहुतेक पत्रे आज उपलब्ध नाहीत. शिल्लक आहेत ते टपाल तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी निवडून इंग्रजीत केलेले उतारे. त्या इंग्रजीचे मराठी करून फिरवली जाणारी वाक्ये ‘जशीच्या तशी’ म्हणून मिरवणे कितपत योग्य आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

मुख्य दावा तक्रार नसल्याचा आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. जुन्या पत्रांत ‘येथील सर्व क्षेम’ हा मायना असे. तेवढ्यावरून त्या घरात कोणी आजारी नव्हते असा निष्कर्ष आपण काढत नाही. रुग्णालयातील पत्रांतली खाण्यापिण्याची आणि बिछान्याची स्तुती खोटी होती असे मी म्हणत नाही. निरनिराळ्या धर्मांसाठी आणि जातींसाठी वेगळी स्वयंपाकघरे व पाण्याचे वेगळे नळ होते आणि शिपायांना त्याचे अप्रूप होते. पण त्याच शिपायांनी हे युद्ध नसून जगाचा अंत आहे असेही लिहिले, आणि त्याची तुलना महाभारतातील संहाराशी केली. बऱ्या झालेल्या जखमींना पुन्हा खंदकात धाडले जाते, हे तर त्यांचे फार मोठे दुःख होते. भावांनी व गाववाल्यांनी भरती होऊ नये, असे सुचवणारी पत्रेही सापडतात. किचनर रुग्णालयाभोवती काटेरी तारा होत्या आणि बाहेर जाण्यावर कडक निर्बंध होते. तेथील रुग्णांना ते तुरुंगासारखे वाटले तर त्यात नवल नाही.

पत्रे तपासली जातात हे शिपायांना ठाऊक होते, म्हणून काही गोष्टी आडवळणाने लिहिल्या जात. काळी मिरी संपत आली असून आता लाल मिरची वापरली जात आहे, असे एकाने कळवले. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, हे तपासनिसांनीही ओळखले. पत्रे तपासणाऱ्या कचेरीचा प्रमुख हॉवेल याने तर शिपाई पत्रांतून कविता करू लागले, हे मनाच्या अस्वस्थतेचे अशुभ लक्षण असल्याचे आपल्या अहवालात नोंदवले. साहेब काव्याचे भोक्ते नसावेत, पण त्यांचे निदान चुकीचे नव्हते.

याच्या नेमके उलट, ‘सगळे सेन्सॉर केलेले, म्हणून सगळे खोटे’ असे उत्तर देणाऱ्यांशीही मी सहमत नाही. फौजेच्या मनात काय चालले आहे हे सरकारला जाणून घ्यायचे होते, म्हणून नाराजीची वाक्येही त्या अहवालांत उतरवून घेतली गेली आणि त्यामुळेच ती आज वाचायला मिळतात.

राहिला राजनिष्ठेचा मुद्दा. जमादार मीर दस्त याला २५ ऑगस्ट १९१५ रोजी पॅव्हिलियनच्या हिरवळीवर खुद्द राजाच्या हातून व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळाले. बेल्जियममधील ईप्रच्या लढाईत त्याला विषारी वायू बाधला होता. त्याने घरी लिहिलेल्या पत्रात पदकाचा आनंद आहे, आणि या वायूने मला कायमचे निकामी केले, हेही आहे. फिरत्या मजकुरात पदक तेवढे आले आहे.