काकांचा बेस सुटा करून विकतायत

सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत मोबाइल पाहिला आणि डोकं फिरलं ते फिरलंच. आता जेवणं आवरलीत, लेक अभ्यासाला बसलीय, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे. ज्यांना बेस म्हणजे 'दोन तारा कमी असलेली गिटार' एवढंच वाटतं त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

जुनी वाद्यं घेऊन विकणाऱ्या एका इसमाने जाहिरात टाकलीय. १९७८चा फेंडर प्रिसिजन बेस. अख्खा नव्हे, सुटा. नेक म्हणजे मान वेगळी, तारांचा आवाज पकडणारे पिकअप वेगळे, तारा अडकवायचा ब्रिज वेगळा, तारा पिळायचे ट्यूनर वेगळे, पिकगार्ड वेगळा, व्हॉल्यूम-टोनचे पॉट वेगळे. स्क्रूंनाही स्वतंत्र भाव लावलाय, 'ओरिजिनल स्क्रू, पूर्ण सेट'. सगळ्यात शेवटी 'बॉडी, रिफिनिश, स्वस्तात'. रिफिनिश म्हणजे पुन्हा रंगवलेली. फोटोत बॉडी फिक्या क्रीम रंगाची आहे. नेक बसतो त्या खाचेत रंगाचा ओघळ सुकलाय आणि त्याच्या कडेने आतला जुना सनबर्स्ट, म्हणजे कडेला गडद आणि मधे फिका असा मूळ रंग, डोकावतोय. हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या, मागच्या बाजूचाही फोटो आहे. खाली लिहिलंय, 'किरकोळ डाग, पुसले तर जातील.'

ते डाग हळदीकुंकवाचे आहेत हो! दर खंडेनवमीला काकू लावायच्या. बेस, त्याचा आवाज मोठा करणारा ॲम्प, काकांची लूना, सगळं एका रांगेत उभं करून पूजा व्हायची. ते कुंकू लॅकरच्या बारीक चिरेत मुरलंय. पुसतोय म्हणे.

काका रास्ता पेठेत वाड्यात राहायचे. गणपतीतले ऑर्केस्ट्रा, लग्नं, कॉलेजांची गॅदरिंगं, फिरोदिया करंडक स्पर्धेच्या मुलांना तालमीत मदत, असं तीसेक वर्षं वाजवलं त्यांनी. ऐंशीच्या दशकात बाहेरचं वाद्य मिळणं म्हणजे काय होतं ते आपल्या वयाच्या लोकांना सांगायला नको. बोटीवर बँडमध्ये वाजवणाऱ्या एका गोवेकर मित्राने त्यांना हा बेस आणून दिला. पैसे हप्त्याने फेडले. पुढे एका मंडळाच्या स्टेजवर पावसात भिजला, रंग फुगला आणि निघायला लागला. काकांनी काय केलं असेल? नाना पेठेत फियाट रंगवणारा एक गॅरेजवाला होता, त्याच्याकडे बॉडी टाकली. उरलेला क्रीम रंग होता, तोच मारला. "फुकटात झालं," असं अभिमानाने सांगायचे.

मला काका भेटले ते ॲम्पमुळे. कुणीतरी सांगितलं की रास्ता पेठेत एक जण पंधरा इंची स्पीकरचा बेस ॲम्प विकायला काढतायत, म्हणून गेले. मुंबईत बनलेला ट्रान्झिस्टरचा ॲम्प, वर काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या. मी जाताच सवयीने विचारलं, कितीला देणार? काकांनी उत्तर दिलं नाही. भिंतीवरचा क्रीम बेस काढला, माझ्या गळ्यात अडकवला, आणि म्हणाले, "वाजव आधी. किमतीचं नंतर बघू."

मी वाजवायला लागले. सगळ्यात जाड तारेचा सूर, खालची ई, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं, तिची एक लहर आठ मीटरहून लांब, आणि खोली होती दहा बाय बारा. पहिली ई वाजली आणि मांडणीवरचे स्टीलचे पेले थरथरायला लागले. काकू ओट्याशी कणीक मळत होत्या. मागे वळूनही न बघता त्यांनी पिठाचा हात मांडणीवर ठेवला आणि पेले गप्प केले. सवय होती त्यांना. काका डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "घाई करतेस गं. दोन सुरांच्या मधे जरा थांबत जा." आणि मग भाव सांगितला. चार हजार. मी एक अक्षरही न बोलता दिले, कारण तो ॲम्प त्याच्या दुप्पट किमतीचा होता आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

असो. तर आजच्या इसमाकडे येऊ.

हा काकूंकडे कसा पोहोचला ते मला काकूंच्या भाच्याकडून कळलं. काका गेले, वाडा बिल्डरकडे गेला, काकू धायरीला राहायला गेल्या. जागा लहान, बेस पलंगाखाली. हा मनुष्य घरी आला. बेस बघून म्हणाला, जुना झालाय, आतलं वायरिंग गेलंय, मान वाकलीय, रंग तर गाडीचा मारलाय, कोण घेणार? आणि पंचवीस हजार हातावर ठेवले. काकूंना ते पुष्कळ वाटले. काकूंच्या तोंडाला पानं पुसली त्याने, दुसरं काय!

यातला प्रत्येक मुद्दा घ्या. मान वाकलीय. अरे बाबा, चार तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण आहे त्या लाकडावर, आणि पुण्याचा पावसाळा. कुठल्या बेसची मान जुलैत सरळ राहते? त्या मॉडेलला नेकचे चार स्क्रू ढिले करून बुडाशी असलेली ट्रस रॉडची, म्हणजे मानेतल्या लोखंडी सळईची, नट पाव आटा फिरवावी लागते, की झालं. पंधरा मिनिटांचं काम. वायरिंग गेलंय? पॉटमध्ये धूळ बसली की खरखर येते, तपकीर गल्लीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा मिळतो, एक फवारा मारायचा. आणि हे त्याला माहीत नव्हतं असं कुणी सांगू नका. जाहिरातीत त्याच पॉटच्या पाठीचा एवढा मोठा फोटो टाकलाय. १३७ने सुरू होणारा आकडा म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, पुढचे दोन आकडे वर्ष, त्यापुढचे दोन आठवडा, हे सगळं नीट समजावून सांगितलंय गिऱ्हाइकांना. हेडस्टॉकवरचा एस-८ने सुरू होणारा नंबरही दाखवलाय. म्हणजे पलंगाखालून बेस बाहेर काढला त्या क्षणी त्याला कळलं होतं हातात काय आलंय. एकट्या नेकची किंमत त्याने नव्वद हजार लावलीय. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच.

सुटा का केला, तेही साधं गणित आहे. पुन्हा रंगवलेल्या वाद्याला संग्राहक लोक निम्मा भाव देतात. त्यामुळे अख्खा विकला तर 'रिफिनिश'चा शिक्का सगळ्या वाद्यावर बसतो. सुटा केला तर तो शिक्का फक्त बॉडीवर आणि बाकी सगळं 'शंभर टक्के ओरिजिनल'. आपल्याकडे वाडे पाडल्यावर सागवानी खांब, तुळया, दिंडीदरवाजे जुन्या बाजारात वेगवेगळे उभे असतात ना, तसं.

आणि मला सर्वात जास्त चीड कशाची येते सांगू? ओरिजिनल रंगाच्या या सोवळ्याची. स्वतः फेंडर कंपनी पन्नास-साठच्या दशकात काय वापरत होती? ड्यूपाँटचे मोटारींचे रंग! त्यांचा तो प्रसिद्ध फिएस्टा रेड फोर्डच्या गाडीचा रंग आहे. कॅलिफोर्नियात फोर्डचा रंग मारला तर 'कस्टम कलर', त्याला जास्तीचे लाखो रुपये. नाना पेठेत फियाटचा मारला तर 'स्वस्तात'.

जाको पास्टोरियस या नावाजलेल्या बेसवादकाने फेंडरच्याच १९६२च्या जॅझ बेसचे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, उपटून काढले म्हणतात, खाचा बुजवल्या, वरून इपॉक्सीचा थर दिला. आजच्या, बेस नुसते भिंतीवर टांगून ठेवणाऱ्या संग्राहकांसमोर कुणी असं केलं तर त्यांना घेरी येईल. पुढे तो बेस फुटला, त्याचे तुकडे कारागिरांनी पुन्हा जोडले, मग १९८६मध्ये तो नाहीसा झाला आणि कित्येक वर्षांनी सापडला. मेटॅलिका बँडचा बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो याने पैसे घालून तो सोडवायला मदत केली. त्या बेसमध्ये ओरिजिनल म्हणावं असं काय उरलं होतं? तरी लोक त्याच्यासाठी जीव टाकतात.

हो, ठाऊक आहे, खाली कुणीतरी लिहिणारच, की वस्तू त्याची, पैसे त्याने मोजले, काय करायचं ते करेल. करेल. कायद्याने त्याचा हक्क आहे. माझ्या स्वतःच्या बेसचा ब्रिजही कुणाच्या तरी बेसवरून उतरलेला आहे, तेही मान्य. पडून कुजलेल्या, नेक मोडलेल्या बेसचे भाग निघून दुसऱ्यांचे बेस वाजते होतात, त्याला माझी ना नाही. पण हा बेस वाजत होता! काकांनी शेवटच्या वर्षापर्यंत वाजवलाय. हात कापायचे, तरी संध्याकाळी ॲम्पशिवाय, नुसता मांडीवर घेऊन.

त्या ॲम्पचं सांगायचं राहिलंच. पैसे दिल्यावर प्रश्न आला की तो खाली न्यायचा कसा. वाड्याचा लाकडी जिना, अंधारा, मधली एक पायरी हलणारी. काका सत्तरीला आलेले, तरी एक बाजू त्यांनीच धरली. "उलटी उतर, मी सांगतो पायरी," असं म्हणत एकेक पायरी मोजत खाली आणलं. रिक्षावाला एवढं धूड घ्यायला तयार नव्हता, टेम्पो बोलवावा लागला. टेम्पो निघताना काकांनी चार हजारातली पाचशेची नोट माझ्या हातात परत कोंबली. टेम्पोसाठी. मी नको म्हटलं तर चिडले. मग पुढे महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा, "काय म्हणतोय ॲम्प?" माझी चौकशी नाही, ॲम्पची. एकदा स्पीकरची कॉइल जळली तर बुधवार पेठेतून कॉइल भरून घेईपर्यंत रोज फोन.

जुनी वाद्यं घेण्याविकण्याची हीच एक पद्धत मला ठाऊक आहे आणि मला ती अजिबात भाबडी वाटत नाही. विकणाऱ्याला घेणाऱ्याचे हात बघायचे असतात. आता फोनवर काय ऐकू येतं? "मॅडम, मिस्टरांसाठी का?" नाही हो, माझ्यासाठी. पलीकडे दोन सेकंद शांतता, आणि मग भाव पाच हजारांनी वर. वरून चालू स्थितीत म्हणून ॲम्प गळ्यात मारायचा, ज्याच्या पाठीवर स्पष्ट लिहिलंय १२० व्होल्ट. आपल्या २३०च्या सॉकेटमध्ये लावला की फट्. मग म्हणणार, तुम्ही स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावायला हवा होता. तो लावायला हवा हे विकताना का नाही सांगितलं रे?

आणि ते भिंतीवाले संग्राहक. एकाच्या घरी गेले होते, बाणेरला. एसी खोली, काचेचं कपाट, सगळे बेस बंदिस्त. कोपऱ्यात तो अँपेगचा एसव्हीटी ॲम्प, १९६९मध्ये मोठाल्या स्टेजसाठी काढलेला, ३०० वॉटचा, खाली दहा-दहा इंची आठ स्पीकरचं फडताळाएवढं कॅबिनेट. फ्लॅटमध्ये! मी विचारलं, किती आवाजावर वाजवता? म्हणाले, सोसायटीत चालत नाही, हेडफोनवर वाजवतो. बरं. गृहस्थ चांगले होते, चहा दिला, प्रत्येक बेसला वेळच्या वेळी तेलपाणी करतात. त्यांच्यामुळे ती वाद्यं शाबूत आहेत हे कबूल करावंच लागेल. निदान त्यांनी त्यांचे तुकडे तरी केले नाहीत. आज सकाळपासून तर मला त्यांच्याबद्दल चक्क आदर वाटायला लागलाय.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा हॉफनर बेस आठवा. १९६१ साली हॅम्बर्गमध्ये तीसेक पौंडांना घेतलेला, १९७२मध्ये लंडनला गाडीतून चोरीला गेला. पन्नासहून जास्त वर्षं गेली, आणि २०२४च्या फेब्रुवारीत जाहीर झालं की तो मालकाकडे परत आलाय. कुणाच्या तरी माळ्यावर पडून होता. डागडुजी लागणार होती, पण होता अख्खा, म्हणून ओळखू आला. कुणी त्याचे पिकअप एका देशात आणि नेक दुसऱ्या देशात विकला असता तर काय शोधलं असतं? काका काही मॅकार्टनी नव्हते, कळतं मला. त्यांचं नाव ऑर्केस्ट्राच्या बोर्डावरही नसायचं, तिथे गायकाचं असायचं. पण आपल्यापैकी निम्म्या लोकांनी शाळेत असताना ज्या गणपतीत पहिल्यांदा ऑर्केस्ट्रा ऐकला, तिथे पाठीमागे हाच क्रीम रंगाचा बेस होता.

दुपारी न राहवून त्या इसमाला मेसेज केला. अख्खा परत जोडून देतोस का, काय ते बोल. उत्तर आलं, 'नेक बेंगळुरूला बुक झाला मॅडम, पिकअपचं बोलणं चालू आहे, बॉडी हवी तर बॉक्स पॅकिंगसकट अठरा हजार.' ज्या बॉडीला गाडीचा रंग म्हणून कुणी घेणार नव्हतं, तिचे अठरा! पंधरापर्यंत आणलंय. उद्या संध्याकाळी जाऊन घेणार आहे, रोख देऊन, आणि तोंडावर चार शब्द सुनावून. पिकअपही मीच घेते म्हटलंय, तो तयार होईलसं वाटतंय.

राहिला नेक. बेंगळुरूच्या मंडळींशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांची ओळख आहे. एस-८ने सुरू होणारा नंबर, रोझवूडचा फिंगरबोर्ड, हेडस्टॉकच्या मागे वरच्या ट्यूनरच्या डाव्या बाजूला लालसर-पिवळा डाग. ज्याने घेतलाय त्याच्यापर्यंत हे पोहोचवा. त्याने मोजले तेवढे पैसे मी देईन, कुरिअरचे वरती. आणि तोपर्यंत त्याला सांगा, तो डाग पुसू नकोस. काकूंचा भाचा हे वाचत असेल तर त्याने कृपा करून त्यांना यातलं काहीही वाचून दाखवू नये.