मावशी, साबण परत बेसिनवर ठेव

परवा जेवायच्या आधी हात धुवायला गेलो तर साबणदाणीत साबण नाही, बेसनाची वाटी. ओल्या बोटांनी त्यातले गोळे झालेले, कडेला पिवळं ओघळलेलं. ताईच्या बाळंतपणासाठी आलेल्या मावशीने घरातले सगळे साबण कपाटात कोंडले होते. कारण व्हॉट्सअ‍ॅप! "साबणात ट्रायक्लोसन असते. त्याने कॅन्सर होतो. अमेरिकेने साबणावर बंदी घातली. आजच साबण सोडा, बेसनाने हात धुवा. दहा जणांना पाठवा." मावशीने बारा जणांना पाठवलं.

बंदीचं अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करतो. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घरगुती वापराच्या साबण-हँडवॉशमध्ये ट्रायक्लोसन, ट्रायक्लोकार्बन धरून १९ जंतुनाशक रसायनं चालणार नाहीत असं ठरवलं. का? तर ती रोज वर्षानुवर्षं वापरायला सुरक्षित आहेत आणि साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. म्हणजे जिंकला तो साधा साबण, आणि या मेसेजवाल्याने फासावर चढवलं त्यालाच.

कॅन्सरचं म्हणाल तर, प्राण्यांवरच्या प्रयोगांत ट्रायक्लोसनचा थायरॉईडच्या संप्रेरकांवर परिणाम दिसला, म्हणून काळजी आहे. 'माणसाला कॅन्सर होतोच' असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि ते सगळ्याच साबणांत नसतं. वेष्टन उलटं करून वाचायला चष्मा लागतो, एवढंच.

खरा संताप त्या बेसनाचा. बेसन तेलकटपणा ओढतं, कबूल. पण दोन महिन्यांच्या बाळाची दुपटी बदलून त्याच हातांनी त्याला घ्यायचं असेल तर मला साबणच हवा. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. मळ आणि त्यातले जंतू सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. जंतू हातावर मेलेच पाहिजेत असं नाही, हातावरून गेले की झालं.

कराचीच्या झोपडवस्त्यांत हे तपासून झालंय. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला. काही घरांना साधा साबण दिला, काहींना ट्रायक्लोकार्बनवाला, आणि हात धुवायची सवय लावली. साबण न दिलेल्या वस्त्यांच्या तुलनेत पाच वर्षांखालच्या मुलांतला न्यूमोनिया निम्म्यावर आला, पंधरा वर्षांखालच्या मुलांतले जुलाब ५३ टक्क्यांनी घटले. साध्या आणि जंतुनाशक साबणात मात्र म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

हे सगळं ऐकून मावशी म्हणाली, "मग कपाटातल्या त्या तीन जंतुनाशक वड्यांचं काय करू? पैसे मोजलेत."

संपव, मावशी. पुढच्या वाण्याच्या यादीत साधा साबण लिही. आणि बेसन डब्यात टाकू नकोस, त्यात सगळ्यांचे हात गेलेत.