खारघर कुणाचं?

शुभाच्या भाच्याला ऐरोलीत नोकरी लागली. पोरगा सांगलीचा. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय आणि पठ्ठ्याने मोबाईलवर बघून खारघरचं घर पसंतही करून टाकलं. मोठी गॅलरी, समोर हिरवा डोंगर. शुभाने तो फोटो ठाण्यात तलावपाळीच्या आमच्या कट्ट्यावर फिरवला आणि कटिंग हातात यायच्या आत वाद पेटला.

"काम ऐरोलीला, घर खारघरला? कशाला?" नाना.

"दोन्ही नवी मुंबईच ना?" शुभाने विचारलं.

"बोलायला. खारघर रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. २०१६ पासून पनवेल महापालिका. पोलीस मात्र नवी मुंबईचे आणि पाणी सिडकोचं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं. ऐरोली ठाणे जिल्ह्यात, तालुकाही ठाणेच, आणि पालिका नवी मुंबईची. गाडीचा नंबर तिकडे एमएच ४६, इकडे एमएच ४३. उद्या त्याला तहसीलदाराचा दाखला लागला तर खारघरवाला पनवेलला जाणार आणि ऐरोलीवाला इथे ठाण्यात येणार."

"दाखले काय रोज लागतात का?" बंड्याने मध्येच टोकलं. "रोज लागते ती लोकल."

लोकलवर बंड्याचा शब्द सहसा कोणी खोडत नाही. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून सुटणाऱ्या गाड्या वाशीला, नेरूळला किंवा पनवेलला जातात. ऐरोलीला तिन्ही चालतात. खारघरवाल्याला फक्त पनवेलची. येतानाही तेच. म्हणजे ऐरोली फलाटावर उभं राहून दोन वाशी गाड्या डोळ्यांदेखत सोडायच्या आणि तिसरीची वाट बघायची. ठाणे-ऐरोली प्रवास दहा मिनिटांच्या आसपासचा, खारघरहून त्याच्या तिप्पट-चौपट. "घर बघायला रविवारी जाऊ नको म्हणावं," बंड्या म्हणाला. "मेगाब्लॉक असला तर काहीच कळत नाही, नसला तर गाडी रिकामी, मग सगळंच छान वाटतं. सोमवारी सकाळी साडेआठला घराच्या दारातून निघायचं आणि ऑफिसच्या गेटवर घड्याळ बघायचं."

"मग ठाण्यातच राहू दे," नानाचं पालुपद सुरू झालं.

"ठाण्यात म्हणजे कुठे?" शुभाने बरोबर पकडलं. जाहिरातीत घोडबंदर रोडवरची कासारवडवलीही ठाणे स्टेशनपासून 'काही मिनिटांवर' असते. घोडबंदर रोडवर राहून ऐरोली गाठायची म्हणजे आधी स्टेशनपर्यंत बस किंवा रिक्षा, मग ट्रान्स हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल. पहिला टप्पाच दुसऱ्यापेक्षा लांब. कोपरी, नौपाडा किंवा कळवा असेल तर गोष्ट वेगळी. नाना नौपाड्याचा, त्यामुळे त्याच्या हिशेबात ठाणे तीन गल्ल्यांनंतर संपतं.

इतका वेळ दाद्या गप्प होता. तो मूळचा घणसोली गावातला. शुभाने दुसरा फोटो दाखवला, घणसोलीचाच. तसंच घर, भाडं बरंच कमी. बंड्याने बघितलं न बघितलं तोच म्हणाला, "गावठाणातलं आहे. अनधिकृत. सोडून दे."

"अनधिकृत काय रे? जमीन कुणाची होती?" दाद्या उसळला. "सिडको १९७० ची. ठाणे, पनवेल, उरणची ९५ गावं घेतली. १९८४ ला जमिनीच्या आंदोलनात जासईला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, त्यानंतर कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड गावकऱ्यांना परत मिळायला लागले. पोरं वाढली, घरं वाढली. तुमच्या सेक्टरच्या आधीपासून आम्ही इथे आहोत."

बंड्या वरमला, पण मुद्दा सोडला नाही. म्हणाला, हक्काचं भांडण वेगळं आणि भाडेकरूचं वेगळं. सिडकोने आखलेल्या सेक्टरमधली इमारत आणि गावठाणातली इमारत यांत भाडेकरूला फरक पडतो तो ठरावीक ठिकाणी. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, आहे का? पाइपचा गॅस आहे की सिलिंडर चढवायचा? अग्निशमनची गाडी गल्लीत शिरेल का? स्कूटर कुठे लावायची? आणि पालिकेची नोटीस लागली तर डिपॉझिट कोण परत देणार?

दाद्याने यातलं अर्धं मान्य केलं. "वीजमीटर स्वतंत्र आहे ना एवढं बघा. नाहीतर घरमालक सबमीटर लावून स्वतःच्या दराने पैसे घेतो. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, तो मागून घ्या, थकबाकी आहे की नाही लगेच कळतं. राहायला जाल त्या दिवशी मीटरच्या आकड्यांचा फोटो काढा. आणि गावात एक सुख आहे. पोरगा एकटा आहे, मटण-मासळी खातो, रात्री अकराला येतो, याचा कोणाला त्रास नाही. सेक्टरच्या सोसायटीत आधी मुलाखत द्या."

हे खरं. 'बॅचलर नको', 'फक्त शाकाहारी' या अटी जाहिरातीत नसतात, टोकन, म्हणजे घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम, दिल्यावर चेअरमन सांगतो. म्हणून टोकनच्या आधी सोसायटीच्या अटी ब्रोकरकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागायच्या. तोंडी 'काही प्रॉब्लेम नाही साहेब' याला अर्थ नाही. तशी वस्ती सगळीकडची आहे. वाशी-नेरूळला दक्षिणेकडची घरं पुष्कळ. वाशी स्टेशनजवळ आसाम भवन, केरळ हाऊस, उत्तर प्रदेश भवन ओळीने सापडतील. कोपरखैरणेला सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबं इतकी, की शुभाच्या भाच्याला भाषेत गावच भेटेल. फक्त तिथली सिडकोची छोटी घरं मजल्यावर मजला चढवून वाढवलेली आहेत. जिना अरुंद, पार्किंग नाही. कपाट वर नेण्याआधी जिना मापून घ्यावा.

पाण्यावरून नाना आणि बंड्या पहिल्यांदाच एकमताने बोलले. नवी मुंबई पालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे ऐरोली ते बेलापूर पट्टा त्यातल्या त्यात निवांत. खारघर, उलवे सिडकोच्या पाण्यावर. तिथे एप्रिल-मेमधलं टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये आहे की भाडेकरूच्या डोक्यावर, हे विचारायचं. घोडबंदरलाही हाच प्रश्न. 'पाणी चोवीस तास' असं घरमालक म्हणतो तेव्हा तो गच्चीवरच्या टाकीबद्दल बोलत असतो. वॉचमनला विचारावं, पालिकेचं पाणी खाली किती वाजता येतं आणि किती वेळ.

तळमजला मात्र घेऊ नये. वाशी, बेलापूरचे काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. पावसाचं पाणी धारण तलावात साठवून ओहोटीला खाडीत सोडतात. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की तलावाचे दरवाजे बंद, आणि पाणी रस्त्यावर. जुन्या इमारतीत असाल तर पावसाळ्यापूर्वी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, ती बघायची. 'सी-१' म्हणजे लगेच रिकामी करायची. तिथे भाडं कितीही कमी असो, टोकन देऊ नये.

"आता करार," शुभा म्हणाली. "ब्रोकर म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू, पैसे वाचतील."

यावर सगळे एकदम तुटून पडले. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाचतात किती? समजा भाडं २४ हजार, अकरा महिने, डिपॉझिट एक लाख. भाड्याचे २ लाख ६४ हजार, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, साधारण नऊ हजार. या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक, म्हणजे सातशेच्या आतबाहेर. नोंदणी फी पालिका हद्दीत एक हजार. बाकी जे सांगतील त्यातलं बरंचसं एजंटचं. तो घरी येऊन आधारवर अंगठे घेतो, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी झालेला करार हातात असला की बँक, गॅस, कंपनी कुठेही पत्त्याचा प्रश्न येत नाही.

"अकरा महिने झाल्यावर तसंच राहिलं तर?" बंड्याने मुद्दाम विचारलं.

"कलम २४. मुदत संपूनही ताबा न सोडणाऱ्याला दुप्पट भाडं लागू शकतं," नाना. "म्हणून दहाव्या महिन्यातच नवीन कराराचं बोलायचं."

डिपॉझिट रोख द्यायचं नाही, इंडेक्स टूवर, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात टाकायचं. परत घेताना रंगरंगोटीचे किती कापणार, तो आकडा करारातच. सोसायटी भाडेकरूमागे नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, लावते, त्याला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ते मालकाने भरायचं. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही मालकानेच द्यायची. त्याची पावती मात्र आपण मागून ठेवावी.

"पत्ता लिहिताना नोडचं, म्हणजे ऐरोली, वाशी अशा भागाचं नाव आधी," दाद्याने उठता उठता सांगितलं. "सेक्टर १० ऐरोलीला आहे, कोपरखैरणेला आहे, वाशीला, नेरूळला, खारघरलाही आहे. नुसतं 'सेक्टर १०, नवी मुंबई' लिहिलं की पार्सल शहरभर फिरतं."

शुभाने तिथूनच भाच्याला फोन लावला. खारघरच्या घराचा विषय निघालाच नाही. तिने विचारलं, "सोमवारी सुट्टी टाकता येईल का? सकाळी साडेआठला तुला ऐरोली स्टेशनवर उभं राहायचंय."