आमची वर्गणी बंगळुरात?

बेळगावातल्या शहापुरातल्या आमच्या गणपती मंडळाला वर्गणीचं ॲप पाहिजे, आणि ते मीच करून द्यायचं, फुकटात, कारण पोरगं घरचंच. परवाच्या मीटिंगला मी तयारीनं गेलो. ॲपचा डेटा नि लॉगिन सांभाळणारी गूगलची फायरबेस सेवा नको, बिल वापराप्रमाणं वाढत जातंय आणि चावी गूगलकडं. पार्स या तसल्याच सेवेवर विसंबलेल्यांना फेसबुकनं 2016 च्या जानेवारीत सांगितलं, वर्षभरात बंद, गाशा गुंडाळा. म्हणून आपलं आपणच होस्ट करायचं. स्वतः चालवता येणाऱ्या सुपाबेसमध्ये पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस मिळतंय पण सोबत कंटेनरची, म्हणजे वेगवेगळ्या डब्यांत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, वरातच येते, एक जीबी रॅमच्या मशीनला ते झेपायचं नाही. पॉकेटबेस म्हणजे एकच फाईल, आत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, लॉगिन, फोटो, ॲडमिनचं पान सगळं त्यातच. गल्लीच्या पावत्यांना बास.

एवढं होईपर्यंत खजिनदार काका कुंद्याच्या डब्याचं रबर काढत बसलेले. एक चमचा तोंडात टाकून म्हणाले, "हे ऱ्हाणार कुठं गा?"

"सर्वरवर, काका. बंगळूरला. स्वस्त पडतंय."

चमचा डब्यातच राहिला. "बंगळुरात? आमची वर्गणी बंगळुरात?"

"काका, नुसता डेटा..."

"2004 पासनं सुप्रीम कोर्टात कर्नाटकाशी सीमेची केस चालल्या, आणि तू हिशेब नेऊन त्यांच्याच घरात ठेवालास?"

मी म्हटलं, अहो, सर्वरला भाषा नसते, अक्षरं साठवायच्या यूटीएफ-8 पद्धतीत मराठी अक्षराला तीन बाइट लागतात आणि कन्नडलाही तीनच, तिथं तरी भेदभाव नाही.

काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "तेच तर. आमाला चार पायजेत."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. पॉकेटबेसचं अजून 1.0, म्हणजे पक्की आवृत्ती, आलेलं नाही, अपडेट करताना काहीतरी मोडू शकतंय, हे मी सांगत होतो तेव्हा सगळे मोबाईलमध्ये. बॅकअप कोण घेणार, चतुर्थीच्या रात्री बंद पडलं तर कोण उठणार, एकानंही विचारलं नाही. आणि काकांचा स्वतःचा मुलगा बंगळुरातच आयटीत आहे हो, दर महिन्याला तिथनं पैसे येतात तेव्हा सीमाप्रश्न कुठं जातोय कुणास ठाऊक. हे मी बोललो नाही, बोललो असतो तर आईला हळदीकुंकवात ऐकावं लागलं असतं.

मग ठराव झाला. सर्वर मुंबईत ठेवायचा, आणि मुंबईचा जास्तीचा खर्च 'हौसेनं' मी सोसायचा. इतिवृत्तात तसंच लिहिलंय आणि खाली माझी सही घेतली. कुंदा तेवढ्यात संपलेला.