झिंक सल्फेट पेरल्याने डाळीतले झिंक दुप्पट होत नाही

सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पेरणीच्या हंगामात एक संदेश हमखास फिरतो. तूर, हरभरा, राजमा यांना पेरतानाच डीएपी या खतात मिसळून एकरी दहा किलो झिंक सल्फेट द्या, दाण्यातले झिंक दुप्पट होईल, आणि दरवर्षी असे केल्यास घरात झिंकच्या गोळ्या लागणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. झिंकची कमतरता असलेल्या जमिनीसाठी खताची ही मात्रा प्रचलित शिफारशीच्या जवळपासच आहे, आणि त्यामुळेच पुढचे दावेही लोक सहज खरे मानतात.

आधी डीएपीत मिसळण्याविषयी. डीएपीतील फॉस्फेटची झिंकशी गाठ पडली की पाण्यात जवळजवळ न विरघळणारे झिंक फॉस्फेट तयार होते. शंका असल्यास दोन्ही खते वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून ती द्रावणे एकत्र करून पाहावीत. पाणी दुधाळ होते आणि तळाशी पांढरा साका बसतो. शिवाय आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी आठच्या वर असतो, आणि सामू एका अंकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेले झिंक साधारण शंभर पटीने घटते. म्हणून झिंक सल्फेट डीएपीपासून वेगळे ठेवून, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून देणेच योग्य.

दुप्पट होण्याचा दावा मात्र हिशेबाने तपासावा लागतो. हेप्टाहायड्रेट, म्हणजे स्फटिकात पाणी असलेल्या, झिंक सल्फेटमध्ये २१ टक्के झिंक असते, म्हणजे दहा किलो खतातून जमिनीत सुमारे २.१ किलो झिंक पडते. किलोमागे ३० मिलिग्रॅम झिंक धरल्यास सहा क्विंटल हरभऱ्याच्या दाण्यांतून जेमतेम १८ ग्रॅम झिंक घरी येते. जमिनीत टाकलेले आणि दाण्यात उतरलेले यांच्यात एवढी तफावत असताना मात्रेवरून दाण्याचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे. जमिनीतून दिलेल्या झिंकचा फायदा मुख्यतः कमतरता असलेल्या शेतात पिकाच्या वाढीला आणि उत्पादनाला होतो. दाण्यातले प्रमाण वाढवायचे असेल तर फुलोरा ते दाणे भरण्याच्या काळातली फवारणी अधिक उपयोगी पडते, कारण त्या वेळी पानातले झिंक दाण्याकडे वळते. त्यासाठी दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरलेला चुना घेऊन, द्रावण गाळून, संध्याकाळी फवारावे. चुना नसेल तर पाने करपतात. एवढे करूनही दुपटीची अपेक्षा ठेवू नये.

समजा, हरभऱ्यातले झिंक एक-तृतीयांशाने वाढले आणि शंभर ग्रॅममागे तीनचे चार मिलिग्रॅम झाले. रोज पन्नास ग्रॅम डाळ खाणाऱ्याला त्यातून अर्धा मिलिग्रॅम जादा मिळेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाची रोजची गरज १७ मिलिग्रॅम आहे. त्यातही कडधान्यांतला फायटेट हा नैसर्गिक घटक झिंकला धरून ठेवतो आणि आतडे ते पूर्णपणे शोषू शकत नाही. ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी यांतही फायटेट असतेच, त्यामुळे ताटात डाळ वाढली म्हणून हा अडसर दूर होत नाही. मटकी किंवा हुलग्यांना मोड आणल्यावर फायटेट कमी होते. हा बिनखर्ची उपाय त्या संदेशात कुठेच नाही, कारण मोड आणायला खताची पिशवी विकत घ्यावी लागत नाही.

दरवर्षी देण्याचा सल्लाही चुकीचा आहे. एकदा दिलेल्या मात्रेचा परिणाम पुढच्या दोन-तीन पिकांपर्यंत टिकतो. मृदा आरोग्य पत्रिकेत झिंकचा आकडा दिलेला असतो, तो ०.६ पीपीएमच्या (किलोभर मातीत ०.६ मिलिग्रॅम) खाली असेल तरच जमिनीतून खत देण्यात अर्थ आहे.

राहिला गोळ्यांचा प्रश्न, आणि या संदेशातला सर्वांत घातक भाग तोच आहे. लहान मुलाला जुलाब झाल्यावर ओआरएसबरोबर झिंक देतात ते आजार लवकर आटोक्यात यावा म्हणून. सहा महिन्यांवरील बाळासाठी रोज २० मिलिग्रॅम अशी ही मात्रा आहे, ती १४ दिवस द्यायची असते आणि जुलाब थांबले तरी मध्येच बंद करायची नसते. शेतात कितीही झिंक टाकले असले, तरी तेवढे झिंक डाळीच्या वाटीतून बाळाच्या पोटात जाणार नाही.