फेस आला म्हणून शंख जीवाश्म होत नाही

माझ्या भाचीने समुद्रावरून आणलेले गोगलगायींचे सात शंख काल संडास साफ करायच्या अ‍ॅसिडात बुडवले. कारण फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज: ‘फेस आला, रंग काळा असला, हाताला जड लागला, वर गोल भोक असलं, तर शंख लाखो वर्षांचा जीवाश्म समजा.’ फेस आला. तो येणारच होता!

शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्याला आम्ल लागलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. गोगलगाय काल मेलेली असो की कोटी वर्षांपूर्वी, अगदी अंड्याचं टरफल टाकलं तरी फेस तसाच. वय काही कळत नाही, शंख मात्र विरघळतो. भाचीच्या एका शंखावर बारीक तपकिरी रेघा होत्या, थेट टोकापर्यंत वळत गेलेल्या. आता तिथे खडूसारखा पांढरा खरखरीतपणा उरलाय. आणि असलं अ‍ॅसिड बारा वर्षांच्या मुलीच्या हातात! चुकून त्यात ब्लीच पडलं असतं तर क्लोरीन वायू निघाला असता. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकालाही हे सुचू नये?

काळा रंग बहुधा चिखलाचा. प्राणवायू नसलेल्या गाळात रुतलेला शंख लोहाच्या सल्फाइडमुळे काळवंडतो, त्याला लाखो वर्षं लागत नाहीत. गोल भोक तर शिकारी गोगलगायी आजही पाडतात.

वजनाचं थोडंफार खरं आहे, मान्य. आतल्या गाळाचा दगड झाला असेल तर शंकेला जागा आहे. पण ओली वाळू ठासून बसली तरी शंख जड लागतो. पाण्यात भिजवून सुईने टोकरून बघा, वाळू असेल तर सुटेल.

उलट हलका, पांढरा शंखही जीवाश्म निघू शकतो. इंग्लंडमध्ये बार्टनच्या कड्यांतले शंख सुमारे ४ कोटी वर्षांचे आहेत. जीवाश्म जमवणाऱ्या ब्रँडरच्या १७६६ च्या पुस्तकात निसर्गशास्त्रज्ञ सोलँडरने त्यांची वर्णनं केली आहेत. कडा ढासळला की ते खाली किनाऱ्यावर येतात, आणि कित्येक इतके शाबूत असतात की अलीकडचेच वाटावेत. त्यांचं वय ठरतं ते कड्यातल्या थरावरून आणि आज जिवंत न सापडणाऱ्या जातींवरून.

भाचीला विचारलं, शंख कुठे मिळाले? मागे कडा नव्हता, खडकाचा थर नव्हता. शेजारच्या खडपावर मात्र तसल्याच गोगलगायी चिकटलेल्या होत्या, जिवंत.