वर गेलो होतो मी!

काल सोलापुरात, नवी पेठेत, शेजारच्या वहिनींनी भर रस्त्यात विचारलं, "भाऊजी, श्रीलंकेत तुम्ही म्हणे त्या खडकाखालीच बसून होता? गुडघ्यामुळं?"

मी तो खडक, सिगिरिया, चढलो होतो. बाराशेच्या बाराशे पायऱ्या. पण पुरावा नाही, आणि त्याला कारण आमच्या सहलीतले काका.

चादरीच्या धंद्यातून निवृत्त झालेले. खांद्यावर सोलापुरी टॉवेल, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. गाईड म्हणजे हिंदी बोलणारा एक सिंहली पोरगा. त्यानं पायथ्याशी गोष्ट सुरू केली : पाचव्या शतकात कश्यपानं बापाला, राजा धातुसेनाला, जिवंत भिंतीत चिणलं आणि गादी बळकावली. भाऊ मोग्गलान भारतात पळाला. तो परत येईल या धास्तीनं कश्यपानं दोनशे मीटरच्या या खडकावर राजवाडा बांधला.

काकांनी हात वर केला. "वाटणी झाली नव्हती का?"

"जी?"

"वाटणी, वाटणी! आमच्या गल्लीत दोघं भाऊ एका मागाच्या शेडवरनं तीस वर्षं कोर्टात भांडलालेत. पण बापाला कुणी चिणलं नाही बे!"

गाईड म्हणाला, कश्यप पट्टराणीचा मुलगा नव्हता.

"सावत्र! मग आधीच सांग की. आणि तो दुसरा भारतात कुठं राहिला?"

"साऊथ में, सर."

"म्हणजे आमच्याच अंगाला." पुढचा चढभर काका असं बोलत होते, की मोग्गलान त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहून गेला असावा.

चढण्याआधी बागेतली कारंजी लागतात. दगडी फरशीला नुसती भोकं, पण पावसाळ्यात अजून उडतात म्हणे. काका पहिल्यांदाच गप्प झाले. मीही. पंधराशे वर्षांपूर्वीची कारंजी उडतात, आणि आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांआड! त्या सकाळी परदेशातून मी शेजारी पहिला फोन केला, तो खुशालीचा नव्हता. "पाणी आलं का? आमची टाकी भरली का?" यात हसण्यासारखं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

असो. आम्ही भुईकोटाच्या गावची माणसं. किल्ला म्हटलं की सपाट, आत बाग, बाहेर भेळ. त्यामुळं अर्ध्या वाटेवरच्या आरसाभिंतीपाशी सगळ्यांना धाप लागली होती. एके काळी तिच्यात राजाला तोंड दिसायचं इतकी ती गुळगुळीत होती. नंतर आलेल्यांनी तिच्यावर कविता कोरल्या, त्या हजार वर्षांहून जुन्या. आता कोरायला बंदी.

"आपल्या किल्ल्यात पोरं बदाम काढतात, त्यांना उगाच बोलतो आपण," काका म्हणाले. "हजार वर्षं थांबायला पाहिजे."

त्याच्या वर सिंहाचं दार. सिंह कोसळलाय, दोन पंजे तेवढे शिल्लक. तिथं काकांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "तुमचा हात स्थिर आहे." मग काकूंचा. मग सगळ्यांचेच. सतरा फोन! एकेकाला 'जरा डावीकडं, पंजा येऊ द्या' करत उभा, आणि माथ्यावर पोचलो तर पुन्हा तेच. गावी परतल्यावर ग्रुपवर दोनशे फोटो पडले. मी एकाही फोटोत नाही.

नाही म्हणायला एक आहे. तो काकांनी काढलेला. रस्त्यातच वहिनींसमोर मी तो उघडून धरला. अर्धा फोटो अंगठ्यानं व्यापलेला, त्याच्यामागं माझ्या टोपीची कड.

वहिनींनी मोठा करून पाहिला. "अंगठा कुणाचा?"

"काकांचा."

"हां, काका गेले होते वर. ऐकलंय मी."